मागचं सगळं उडवा

आमच्या आत्याच्या हॉलमध्ये दिवाणाच्या वर काकांचा फोटो आहे. सोनेरी चौकट, चंदनाच्या सालींचा कायमचा हार आणि खाली उदबत्तीच्या धुराची फिकट रेघ. फोटोतले काका कुणीतरी मागून अचानक हाक मारावी तसे दचकलेले दिसतात, आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर अर्धा गोल शिक्का आहे. काका गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा असा एकही फोटो घरात सापडला नव्हता. होते ते सगळे घोळक्यातले. कुणाच्या मुंजीत पंगतीला जिलबी वाढताना, कुणाच्या लग्नात व्याह्यांच्या मागे अर्धे झाकलेले, नाहीतर महाबळेश्वरला सतरा माणसांच्या रांगेत डोळे मिटलेले. शेवटी कुठल्याशा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. शिक्क्याचा अर्धा भाग ओळखपत्रावर राहिला, अर्धा काकांबरोबर आला. जवळ जाऊन पाहिलं तर ‘अधिकारी’ या शब्दातलं ‘कारी’ अजून वाचता येतं.

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावरून उठताना आत्या मला म्हणाली, “माझं असं व्हायला नको हं. आताच एक नीट फोटो काढून ठेव. तुझ्याकडे तो मोठा कॅमेरा आहे ना? का तो नुसता दसऱ्याला पूजायला घेतलास?”

टोला वर्मी बसला. माझा कॅमेरा कॅननचा, डीएसएलआरांच्या शाळेतला पहिलीचा विद्यार्थी. बोनसच्या भरात घेतलेला. पहिल्या पावसाळ्यात त्याने लोणावळ्याचे ढग टिपले, दुसऱ्यात डोंबिवलीचे, आणि मग तो कपाटात साड्यांच्या शेजारी राहायला गेला. त्याच्याबरोबर फुकट आल्यासारखी वाटणारी, पण बिलात व्यवस्थित धरलेली १८-५५ची लेन्स होती. या लेन्सला ‘किट लेन्स’ म्हणतात. ताटातल्या पापडासारखी असते ती. असते म्हणून खायची, वेगळी कुणी मागवत नाही.

ती घेऊन दुसऱ्या दिवशी आत्याकडे गेलो. तिने इंदुरी नेसली होती, कानात मोत्याच्या कुड्या घातल्या होत्या आणि चेहऱ्यावर पासपोर्टचं गांभीर्य आणलं होतं. स्वयंपाकघरात उजेड बरा होता म्हणून तिला तिथे बसवलं. जागा कमी, म्हणून १८ वर फिरवलं आणि हातभरावर वाकून पहिला फोटो काढला.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आत्याने तो बराच वेळ पाहिला. “हे नाक आपल्याकडचं नाही,” ती म्हणाली.

खरोखरच नव्हतं. तिच्या चाफेकळी नाकाच्या जागी फोटोत एक वांगं होतं आणि कान पार मागे, आधी निघून गेलेल्या पाहुण्यांसारखे. दोष लेन्सचा, असं तेव्हा मला वाटलं. तो माझ्या उभं राहण्याचा होता, हे पुढे कळलं. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण बारा सेंटीमीटर अंतर धरा. कॅमेरा नाकापासून चाळीस सेंटीमीटरवर असेल तर कान बावन्नवर पडतो, म्हणजे कानाच्या मानाने नाक तीस टक्के मोठं उमटतं. तेच दोन मीटरवर जा. नाक दोनशेवर, कान दोनशे बारावर, आणि फरक जेमतेम सहा टक्के. माणसाचा चेहरा आपण एरवी पाहतो तो अशाच चार-सहा फुटांवरून. हातभर अंतरावरून आपल्याला फक्त दाताचा डॉक्टर बघतो, आणि त्याला आपण देखणे वाटत असू असं काही नाही.

मग मी दाराबाहेर जाऊन ५५ वर फिरवलं. नाक जाग्यावर आलं, पण ट्यूबलाइटच्या उजेडात शटर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उघडा राहायला लागला. लेन्समध्ये हात हलू न देण्याची सोय होती. पण ती माझ्या हातासाठी, आत्यासाठी नव्हे. नेमकं त्याच क्षणी तिने “गॅस बंद केला का रे?” असं विचारलं. आत्या हलली, मागचं कालनिर्णय हललं नाही. फोटोत एक इंदुरी नेसलेला ढग आला आणि त्याच्या मागे संकष्टीची तारीख आणि चंद्रोदयाची वेळ मिनिटासकट वाचता येईल इतकी स्वच्छ. शिवाय फ्रिजवरच्या बशीतला अर्धा लिंबू.

“लेन्स बदलायला हवी,” मी म्हणालो. हे वाक्य मराठी माणसाने एकदा तोंडातून काढलं की ते गृहकर्जाच्या अर्जासारखं गावभर फिरतं.

*

आपल्याकडे पोटदुखी आणि लेन्स या दोन गोष्टींवर सल्ला द्यायला शिक्षण लागत नाही. ऑफिसातले एक साहेब, जे दर रविवारी नवी मुंबईला फ्लेमिंगो बघायला जातात आणि सोमवारी आम्हाला दाखवतात, म्हणाले, “पोर्ट्रेट म्हणजे एटी-फाइव्ह. वन पॉइंट एट. डोळे मिटून घ्या.” किंमत विचारली तेव्हा डोळे उघडले. तिशीच्या पुढे होती. भाचा म्हणाला, “मामा, रशियन हेलिओस घे जुनी. अठ्ठावन्नची. मागची पानं गोल गोल फिरतात.” तिला फोकस हाताने फिरवावा लागतो आणि कॅननवर बसवायला मध्ये एक कडं लागतं, हे त्याने शेवटी सांगितलं. मागचं कालनिर्णय गोल गोल फिरावं अशी माझी इच्छाही नव्हती.

बायकोचं म्हणणं सरळ होतं. “फोनमध्ये पोर्ट्रेट मोड आहे की.” आहे. २०१६ साली आयफोनने तो आणला आणि तेव्हापासून घरोघरी मागचं धूसर करण्याची हौस फिटू लागली. मीही आत्यावर तो वापरून पाहिला. फोन अंदाज बांधतो की माणूस इथे संपला आणि भिंत इथे सुरू झाली. आत्याच्या बाबतीत त्याचा अंदाज चष्म्याच्या काडीपाशी चुकला. काडी भिंतीत गेली, काचा हवेत राहिल्या, आणि अंबाड्याचा वरचा भाग कुणीतरी कात्रीने गोल कापल्यासारखा झाला. “चष्मा कशावर टेकलाय माझा?” आत्याने विचारलं. फोनकडे उत्तर नव्हतं.

शहाणा सल्ला मिळाला तो आमच्या बिल्डिंगच्या खाली राहणाऱ्या लग्नाच्या फोटोग्राफरकडून. तो मे महिन्यात दिवसाला दोन लग्नं काढतो आणि त्याला सौंदर्यशास्त्राला वेळ नसतो. त्याने मला एकच प्रश्न विचारला. “आत्यांचा हॉल केवढा आहे?”

“दहा बाय बारा.”

“मग एटी-फाइव्ह कुठे उभं राहून मारणार?”

त्याने कागदावर हिशेब मांडला. माझ्या कॅमेऱ्यातला सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान. भाकरी तीच, पण डबा लहान, म्हणजे कडा मोडून मधला भागच आत बसतो. म्हणून कॅननच्या अशा बॉडीवर कुठल्याही लेन्सला १.६ने गुणायचं. निकॉनवाल्यांनी १.५ने. ८५ची लेन्स माझ्याकडे १३६ची होणार आणि खुर्चीत बसलेली आत्या अख्खी पकडायची तर मला पंधरा फूट मागे जावं लागणार. आत्याचा हॉल दहा फुटांत संपतो. त्यापुढे गॅलरी तीन फूट. त्यापुढे तिसरा मजला.

“पन्नासची घ्या,” तो म्हणाला. “तुमच्याकडे ती ऐंशीची होते. आत्याबाई नऊ फुटांत मावतात. पैसेही वाचतात आणि तुम्हीही.”

लेन्स घेताना लोक तिची धार बघतात, रंग बघतात, बाराशे रिव्ह्यू वाचतात. घराचा कार्पेट एरिया कुणी बघत नाही. आमच्यासारख्यांच्या बाबतीत पहिला निकष तोच असायला हवा, असं माझं ठाम मत झालं आहे. लोखंडवाल्यात ८५, डोंबिवलीत ५०, आणि चाळीत ३५.

*

आता या ‘वन पॉइंट एट’ची गंमत. १.८ हा आकडा ५.६पेक्षा लहान, पण भोक मोठं. दुकानात हे पहिल्यांदा ऐकलं की गिऱ्हाइकाला आपण फसवले जातोय असं वाटतं. पण ज्यांनी चौथीत व्यवहारी अपूर्णांकांसाठी छड्या खाल्ल्या आहेत त्यांना कळायला हरकत नाही. तो आकडा छेदात असतो. ५० मिलिमीटर भागिले १.८ म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटर. दहा रुपयांचं नाणं घ्या, त्याहून किंचित मोठं. माझ्या किट लेन्सचं ५५ भागिले ५.६ म्हणजे पुरतं दहा मिलिमीटरही नाही. शर्टाचं बटण. उजेडाच्या हिशेबात फरक साडेनऊ पटींहून जास्त. सेकंदाच्या दहाव्या भागात जो फोटो हलत होता तो आता शंभराव्या भागात होणार, आणि तेवढ्या वेळात गॅसबद्दल प्रश्न विचारणं आत्यालाही शक्य नाही.

मोठ्या भोकाचा दुसरा परिणाम म्हणजे मागचं धूसर होणं. सगळ्या जगाला वेड लागलंय ते याचं. फोटोग्राफर मंडळी त्याला ‘मागचं उडवणं’ म्हणतात. जपान्यांनी दिलेला शब्द ‘बोके’. अंधुकपणा असा साधा अर्थ आहे, आणि त्याच उच्चाराचा शब्द म्हातारपणी भ्रम होतो त्यालाही तिकडे वापरतात म्हणे. मी जेवताना घरात उत्साहाने सांगितलं, “पन्नासच्या लेन्सने बोके फार छान येतात.”

आई ताटातून वर न बघता म्हणाली, “मग दुधाचं भांडं आत ठेवा.”

*

हे चेहऱ्याच्या लेन्सचं प्रकरण पार १८४०पर्यंत मागे जातं. त्याच्या आदल्याच वर्षी दागेरने फोटोची पद्धत जाहीर केली होती, पण लेन्सा इतक्या मंद की समोरच्या माणसाला मिनिटंच्या मिनिटं स्तब्ध बसावं लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. त्या काळच्या फोटोंत कुणी हसत नाही त्याला हेही एक कारण. मिनिटभर हसून दाखवा, कळेल. मग व्हिएन्नातल्या पेट्झवाल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी आकडेमोड करून खास चेहऱ्यांसाठी लेन्स बसवली, आणि फोइग्टलेंडरने ती बनवली. भोक एफ ३.६च्या आसपास. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. आकडेमोडीसाठी त्यांना सैन्याच्या तोफखान्यातली हिशेबात तरबेज माणसं दिली होती असं सांगतात. पुढे प्राध्यापक आणि कारखानदार यांचं जोरदार बिनसलं, हे मात्र न सांगताही मराठी वाचकाच्या लक्षात आलं असेल.

माझी पन्नासची लेन्स दुसऱ्या घराण्यातली. १८९६ साली झाइसच्या पॉल रुडॉल्फने ‘प्लानार’ नावाची रचना केली, मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंना जवळपास आरशातल्यासारखी भिंगं. पुढच्या आणि मागच्या भिंगांच्या खोडी एकमेकांना बऱ्याच अंशी मारतात. आजच्या बहुतेक साध्या पन्नासच्या लेन्सा त्याच खोडाच्या फांद्या आहेत. कॅननच्या स्वस्त पन्नासमध्ये सहाच भिंगं असतात. ती स्वस्त का, याचं उत्तरही हेच. नवं काही शोधायचं राहिलेलं नाही, भिंगं थोडी, आणि खप प्रचंड. फिल्मच्या जमान्यात एसएलआर घेतला की त्याला पन्नासच लावून मिळायची. तेव्हाची किट लेन्स तीच. म्हणजे आपल्या वडिलांच्या पिढीला जी लेन्स ताटातला पापड म्हणून मिळत होती ती आपण वेगळे पैसे मोजून घेतो आणि तिला ‘अपग्रेड’ म्हणतो.

*

शनिवारी बोरा बाजारात गेलो. सीएसएमटीला उतरून फोर्टात शिरलं की बोरा बाजाराची गल्ली लागते, आणि तिथे कॅमेऱ्यांची दुकानं एकाला एक चिकटून आहेत. दुकानात शिरताना मी नवी लेन्स घ्यायची ठरवून शिरलो आणि पाचव्या मिनिटाला जुन्याच्या मोहात पडलो. काउंटरवरच्या पोऱ्याने दोन पन्नास समोर ठेवल्या. एक जुनी, १९९०च्या घडणीची, सगळी प्लास्टिकची, अगदी कॅमेऱ्याला अडकवायची कडीसुद्धा. दुसरी २०१५ साली आलेली एसटीएम, कडी धातूची, वजन १६० ग्रॅम. एक मध्यम बटाटा.

“फरक काय?” मी विचारलं.

“जुन्यात भोकाला पाच पाती, नवीनमध्ये सात,” तो म्हणाला. “जुनीत मागच्या लाइटी पंचकोनी येतात थोडं बंद केलं की. आणि फोकस करताना मिक्सरसारखी ओरडते.”

आत्याच्या गॅलरीतून मागे दिसणारे दिवे पंचकोनी आले तर चालतील का, यावर मी खरोखर विचार केला. माणूस काउंटरपाशी उभा राहिला की कशाचाही विचार करतो. जुनी निम्म्याहून कमी किमतीत होती. पण फोटोग्राफरने बजावलं होतं की वापरलेली घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून लावून आरपार बघा. बघितलं. भिंगाच्या कडेला पांढरे, बारीक, फांद्या फुटलेले तंतू. कोळ्याच्या जाळ्याचं पिल्लू म्हणावं तसं.

“धूळ आहे साहेब.”

धूळ फांद्या टाकत नाही. ती बुरशी होती. मुंबईच्या पावसाळ्यात जिथे पापडाला, चपलेला आणि माळ्यावरच्या गीतेला बुरशी धरते तिथे भिंगाने काय घोडं मारलंय? जुनी परत सरकवली. नवी घेतली. नऊ हजारांच्या आत बसली. वर हूड आणि फिल्टर घ्यावा असा त्याचा आग्रह होता. हूड घेतला, कारण कडेचा उजेड अडवायला त्याचा उपयोग आहे आणि लेन्स आपटली तर आधी तो आपटतो. फिल्टर सोडला. आणखी एक काच पुढे लावायची तर ती चांगली हवी, आणि चांगल्याची किंमत विचारल्यावर तो लेन्सकडे बघायला लागला.

शेजारी एक तरुण मुलगा निकॉनची पन्नास घ्यायला आला होता आणि स्वस्तातली ‘डी’ बघून खूश झाला होता. मला राहवलं नाही. त्याच्याकडे निकॉनची सुरुवातीच्या वर्गातली बॉडी होती. त्या ‘डी’ लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते, आणि या लहान बॉड्यांत ती नसते. लेन्स बसेल, फोटो येईल, पण फोकस आयुष्यभर हाताने. “जी घे,” मी सांगितलं. पोऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जावं लागणार हे कळलं.

घरी आल्यावर लेन्सला राहायला जागा हवी होती. हवाबंद डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, हा स्वस्तातला उपाय. आमच्या घरात हवाबंद म्हणून एकच डबा नावाजलेला आहे, तो चकल्यांचा. तो मी रात्री उशिरा रिकामा केला. चकल्या कुठे गेल्या हे सकाळी माझ्या आवाजावरून सगळ्यांना कळलं. ती लेन्स आजतागायत थोडी भाजणीच्या वासाची आहे.

*

पन्नासला झूम नसतं. हे वाक्य वाचायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मी कॅमेरा डोळ्याला लावून सवयीने लेन्स फिरवली तेव्हा आत्या जवळ येण्याऐवजी धूसर झाली. म्हणजे जे काही लांब-जवळ करायचं ते चपला घालून. बायकोचा उभा, पायापर्यंतचा फोटो काढायला पंधरा फूट लागतात. मी हॉलमधून मागे मागे जात दारातून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून लिफ्टपाशी आणि तिथून समोरच्या बिऱ्हाडाच्या उंबऱ्यावर गेलो. त्यांनी दार उघडलं. मी “जरा मागे होऊ का?” म्हटलं. ते गृहस्थ भले, त्यांनी मला आत घेऊन चहा दिला. बायको तिकडे दारात वीस मिनिटं पोझ देऊन उभी होती.

पण चेहऱ्यांना लेन्स फार चांगली. शेजाऱ्यांच्या मुलीला खिडकीपाशी बसवलं, पडद्यातून उजेड आला, आणि मागचं दप्तर, वह्या, इस्त्रीचा ढीग सगळं लोण्यासारखं वितळलं. ती म्हणाली, “काका, हे आमचं घर वाटतच नाही.” तिला हे कौतुक म्हणून म्हणायचं होतं.

इथे एक सांगून ठेवतो, कारण नवी पन्नास घेतलेला प्रत्येक जण पहिले दोन महिने हीच चूक करतो. पैसे १.८चे दिले आहेत म्हणून तो सगळे फोटो १.८वरच काढतो. हॉटेलात थाळीतलं सगळं खायचंच, तसं. मीटरभर अंतरावर १.८ लावलंत तर स्पष्ट राहणारी पट्टी अडीच-पावणेतीन सेंटीमीटरची असते. चेहरा जरा तिरपा झाला की एक डोळा स्वच्छ, दुसरा प्रवासाला निघालेला. आणि फोकस आपोआप सगळ्यात जवळच्या गोष्टीवर बसतो, म्हणजे नाकावर. माझ्याकडे डोंबिवली पूर्वेतल्या बावीस नाकांचा उत्तम संग्रह आहे.

*

मग तो रविवार. गॅलरीचं दार उघडून सकाळचा उजेड आत घेतला. आत्याने पुन्हा इंदुरी नेसली, पुन्हा कुड्या घातल्या. या खेपेला तिला दिवाणावर बसवलं, मी गॅलरीच्या दारात. दोन मीटर, १.८, फोकस डोळ्यावर. पहिला फोटो पाहिला आणि मलाच भरून आलं. डोळ्यातली गॅलरीची चौकोनी चमक, भुवईतला एक पांढरा केस, आणि मागे भिंत नावालाही नाही.

आत्याने चष्मा पुसून पाहिला. “सुरकुत्या दिसतात.”

“त्या आहेतच ना आत्या.”

“आहेत त्या असू देत. कुड्या कुठायत?”

कुड्या नव्हत्या. कानाच्या जागी दोन फिकट चांदण्या होत्या. मी अभिमानाने बोकेचा मुद्दा समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला. “अरे, आईच्या कुड्या आहेत त्या. सात मोत्यांच्या. त्या धुवून काढायला पैसे दिलेस तू?”

भोक लहान केलं. चारवर नेलं. कुड्या आल्या, सात-सात मोती मोजता आले. भिंतही थोडी आली.

“आता जरा खाली घे मला,” आत्या म्हणाली, “आणि वर हे दिसू देत.”

‘हे’ म्हणजे काका. म्हणजे दिवाणाच्या वरचा फोटो, हार, सोनेरी चौकट, उदबत्तीची रेघ.

मी तिला समजावायचा प्रयत्न केला की पोर्ट्रेटमध्ये मागे काही नसावं, सगळं उडावं, नजर चेहऱ्यावर राहावी. बोलता बोलता मलाच तिच्या ट्रंकेतला आजी-आजोबांचा स्टुडिओतला फोटो आठवला. आजोबा खुर्चीत, आजी उभी, आणि मागे रंगवलेल्या पडद्यावर राजवाड्याचा जिना, कुंड्या, लांबवर कारंजं. त्या लोकांनी पैसे मोजले होते ते मागे काहीतरी असावं म्हणून. घरी शेणाची जमीन होती, फोटोत तरी संगमरवर असावा. आम्ही घरात संगमरवरासारख्या टाइल्स लावतो आणि त्या दिसू नयेत म्हणून नऊ हजार मोजतो.

“मागचं काढून टाकलं,” आत्या म्हणाली, “की मी कुणाचीही आत्या होते.”

यावर लेन्समध्ये काही बटण नव्हतं. दिवाण भिंतीला आणखी सरकवला. कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, एफ ८वर नेलं, आणि आत्याला म्हटलं, आता गॅसचं काही विचारू नकोस. क्लिक.

सगळं आलं. आत्या, कुड्या, काका, हार. मोठं करून पाहिलं तर काकांच्या खांद्यावरचं ‘कारी’ही आलं होतं. आणि हे सगळं एफ ८वर, जे माझ्या कपाटातल्या किट लेन्सनेही मुकाट्याने केलं असतं. ही गोष्ट मी अजून बायकोला सांगितलेली नाही. या लेखातून कळली तर कळेल.

आत्याने फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. “हा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो मोठा करायला दिला आणि परवा चौकटीच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. आत्याने काकांच्या चौकटीच्या मापाचीच सोनेरी पट्टी निवडली. दुकानदाराने फोटो पालथा करून मागे हुक ठोकायला घेतले आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, “हाराला वर वेगळे दोन खिळे देऊ का साहेब?”

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, “द्या ना. आता ठोकून ठेवा. हार नंतर बघू.”